गोव्याची धुरकट व्हिस्की आणि आपले मोलॅसिस



गळीत हंगाम आटोपला की गटवार मेळावे सुरू होतात. रत्नागिरी जिल्ह्यातील सभासदांकडून तेथे एक प्रश्न हमखास निघतो. 'साहेब, बांद्याच्या पलीकडे गोव्यात तयार झालेली व्हिस्की परदेशात जाते, एकेक बाटली हजारांत विकते. आसवनी तर साखर कारखान्यांकडेही असतात. मग आपण का नाही काढत तसला माल?' प्रश्न रास्त आहे. भागभांडवल सभासदांचे आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणून हा विषय जरा मुळापासून सांगत आहोत.

आधी एक खुलासा. दारूचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पिण्यापायी मोडलेली घरे आपल्या गावोगाव आहेत. येथे विचार करायचा आहे तो कच्च्या मालाचा आणि त्याला मिळणाऱ्या भावाचा.

धूर येतो कोठून?

ज्या मालाची चर्चा होते तो गोव्यात सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी येथे तयार होतो. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 1583 साली उठाव करणारे गाव ते हेच. तेथील आसवनी जॉन डिस्टिलरीज या कंपनीची आहे. पॉल जॉन यांनी ही कंपनी 1992 साली बंगळूर येथे काढली. सुरुवातीला स्वस्तातला, मोठ्या खपाचा माल विकून तिने जम बसवला. पुढे गोव्यात तांब्याची भांडी बसवून सिंगल माल्ट व्हिस्की काढली आणि ती 2012 साली प्रथम लंडनच्या बाजारात उतरवली. या व्हिस्कीचे तीन मुख्य प्रकार आहेत. 'ब्रिलियन्स'मध्ये धुराचा वास नाही, 'एडिटेड'मध्ये तो थोडा आहे, आणि 'बोल्ड' पुरती धुरकट आहे.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून काढलेली व्हिस्की. सातू म्हणजे बार्ली. उसात साखर तयार असते, सातूत मात्र पिष्ट असते. म्हणून सातू भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यातच पिष्टाची साखर करणारे द्रव्य तयार होते. मोड वाढून साखर खाऊन टाकण्याआधी दाणा वाळवावा लागतो, आणि धुराचा प्रश्न येथेच येतो. नुसत्या गरम हवेवर वाळवला तर धुराचा वास नाही. ओलसर असताना पीटच्या धुरावर धरला, तर धुरातील फिनॉल दाण्याच्या टरफलात मुरतो आणि शेवटपर्यंत थोडाफार टिकतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी ठेवलेल्या गुळाला धुराचा वास लागतो, तसाच हा प्रकार.

आता पीट म्हणजे काय? थंड, पाणथळ जागेत शेवाळ आणि गवत मरून पडते. हवा न मिळाल्याने ते पुरते कुजत नाही, थरावर थर साचतात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थर साचायला हजार वर्षे लागतात. ते कापून, उन्हात वाळवून जाळतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचे बेट आहे. तेथे झाडे कमी, म्हणून शेकोटीला पीट आणि सातू वाळवायलाही पीटच. धूर ही गरिबाची सोय होती, पुढे तीच त्या मालाची ओळख ठरली. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आर्डबेग आणि लफ्रॉइग 1815 पासून, तर लागावुलिन 1816 पासून आपला उगम सांगतात. त्यांच्या सातूत दहा लाख भागांत 35 ते 55 भाग फिनॉल असते. त्या व्हिस्कीला धूर, आयोडीन आणि समुद्रकाठच्या खारट हवेचा वास येतो असे जाणकार सांगतात. काहींना तो मुळीच सोसत नाही, पण ज्याला आवडतो तो दुसरे घेत नाही.

याचा अर्थ नाव म्हणजे कायमची हमी, असे कोणी धरू नये. मागणी घटली तेव्हा आर्डबेग 1981 साली बंद पडली, पुढे 1996 साली पुन्हा बंद झाली आणि 1997 साली मालक बदलल्यावर सावरली. शेजारची पोर्ट एलन 1983 साली बंद झाली ती 2024 साली उघडली.

कुंकळ्ळीत पीट मिळत नाही, ते स्कॉटलंडहून आणावे लागते. सातू मात्र उत्तर भारतातले, सहा रांगांच्या कणसाचे. म्हणजे तेथे गोव्याचे काय? तर गोव्याची हवा.

हवेचा वाटा

तांब्याच्या भांड्यातून दोनदा काढलेला मद्यार्क ओकच्या पिंपात ठेवतात. लाकडातून रंग आणि स्वाद उतरतो, त्याच वेळी पिंपातला माल उडतही असतो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला सुमारे 2 टक्के उडतो, तर गोव्याच्या उष्ण हवेत सुमारे 8 टक्के. 200 लिटरचे पिंप पाच वर्षे ठेवले तर स्कॉटलंडमध्ये 181 लिटर हाती लागतात आणि गोव्यात 132 लिटर. तिसरा हिस्सा हवेत गेला! पण उष्णतेमुळे माल लवकर मुरतो. तिकडे दहा-बारा वर्षांत येणारी गोडी इकडे पाच-सहा वर्षांत येते असे मानले जाते. रत्नागिरीची दमट हवा काही फार वेगळी नाही, तेव्हा आपल्याकडे पिंप ठेवले तरी हाच हिशेब लागेल.

आपला हिशेब

आता कारखान्याकडे वळू. एक टन ऊस गाळला की सुमारे 40 ते 45 किलो अंतिम मोलॅसिस निघते आणि त्यापासून 9 ते 10 लिटर मद्यार्क होतो. आपल्या उंच स्तंभाच्या यंत्रात तो 95 टक्क्यांच्या आसपास शुद्ध होतो. शुद्ध म्हणजे त्यात उसाचा ना वास ना चव. रसायन आणि इंधन म्हणून तो उत्तम आहे. पण अशा मद्यार्कात स्वाद मिसळून केलेल्या मालाला युरोपात व्हिस्की म्हणताच येत नाही, तेथे धान्याची अट आहे.

मग आपण सातू आणून करावी का? अडचणी तीन आहेत.

पहिली, सातू आपले सभासद पिकवत नाहीत. सभासदाच्या मालाला भाव मिळावा म्हणून तर प्रवरानगरपासून सहकारी कारखाने उभे राहिले. बाहेरचा माल आणून केलेल्या धंद्यात आपल्या उसाला काय मिळणार?

दुसरी, पैसा अडकतो. ऊस तुटल्यावर 14 दिवसांत बिल द्यावे असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. पिंपातला माल पाच वर्षे विकायचा नाही, वर तो दर साल 8 टक्के उडणार. 14 दिवसांचे देणे आणि पाच वर्षांचे येणे यांचा मेळ बसवायचा तर कर्ज काढावे लागेल, आणि त्याचे व्याज शेवटी उसाच्या बिलातून जाईल.

तिसरी, नाव उभे करणे. हरियाणात इंद्री येथे पिकॅडिली या कंपनीचा साखर कारखाना आहे आणि तिने माल्ट व्हिस्कीतही नाव मिळवले, हे खरे. पण ती खाजगी कंपनी आहे. तोटा झाला तर भागधारकांचा होईल.

मग घ्यायचे काय?

आमचे मत असे. मोलॅसिसपासून इथेनॉल हाच आजचा खात्रीचा मार्ग आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने 2025 साली गाठला, गिऱ्हाईक तेल कंपन्यांचे आहे. हे सोडून पिंपांच्या मागे लागू नये.

पण धुराची गोष्ट आपल्या उपयोगाची आहेच. आयलाच्या लोकांनी आपल्याकडे जे फुकट पडले होते त्यालाच ओळख दिली. आपल्याकडे फुकट काय जाते ते पाहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक किलो काजू बीमागे आठ-दहा किलो बोंडू निघतो आणि बहुतेक झाडाखालीच कुजतो. गोव्याने त्याच बोंडूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवले. बोंडूचे सरबत, सिरप करता येते, त्याला दारूच काढली पाहिजे असे नाही. ज्यांच्याकडे ऊस आणि काजू दोन्ही आहेत त्यांनी गट करून याचा विचार करावा.

आणि उसाचे पाचट? तिकडे हजार वर्षांचा थर जपून कापतात, आपण एका काडीत एकराचे पाचट उडवतो. तो धूर कोणत्याही बाटलीत जात नाही, जमिनीचा कस तेवढा जातो. खोडव्यात पाचट सरीत दाबा, टनास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाका. जिवाणू खत कसे वापरावे ते आपल्या गट कार्यालयात विचारून घ्यावे.

आसवनीबद्दल आणखी शंका असतील तर वार्षिक सभेआधी लेखी द्याव्यात, आकड्यांसह उत्तर देऊ.

ऊस विकास अधिकारी