व्हिडिओ मोबाइलवर, सराव पुतळ्यावर

कार्यालयात एखादा सहकारी अचानक कोसळतो. हाक मारली तरी ओ देत नाही. मधूनच तोंड उघडून आचका देतो आणि भोवतीचे लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, पाणी आणा.’ चूक होते ती इथेच. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे असे आचके येऊ शकतात. तो श्वास नव्हे. लगेच छाती दाबायला, म्हणजे सीपीआर द्यायला सुरुवात झाली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या माणसावरच सारी भिस्त असते.

या माणसाला शिकवायचे कसे? नेहमीची पद्धत म्हणजे दिवसभराचे शिबिर. सकाळी भाषण, दुपारी जेवण, शेवटी पुतळ्यावर प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर आणि मग प्रमाणपत्रासह छायाचित्र! दुसरे टोक म्हणजे नुसता ऑनलाइन अभ्यासक्रम. खुर्चीत बसून व्हिडिओ पाहताना दम लागत नाही. प्रत्यक्षात मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची असते. दोन मिनिटांतच हात थकतात. म्हणून तर माणूस बदलायचा असतो.

मिश्र प्रशिक्षणात या दोन्हींची वाटणी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमांतही हा पर्याय आहे: आधी ऑनलाइन धडे, मग पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव. आचका कसा दिसतो, हे व्हिडिओ उत्तम दाखवतो. तो पुन्हा पुन्हा पाहता येतो. मात्र पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे तळहातालाच कळावे लागते. नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑस्मुंड लार्डाल यांनी १९६० मध्ये सरावाचा पुतळा आणला. हल्लीचे काही पुतळे दाब कमी पडला तर लगेच सांगतात.

तरीही एकदा शिकून भागत नाही. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, पण हाताचे कौशल्य काही महिन्यांतच ढिले पडू लागते. त्यामुळे वर्षातून एका लांबलचक शिबिरापेक्षा दर तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटांचा सराव अधिक उपयोगी. त्यासाठी सभागृह लागत नाही. पुतळा मात्र कपाटात कुलूपबंद नको. जेवणाच्या सुट्टीत सहज हाताशी येईल, असा हवा.