तीन करंडक आणि एक बंद फाटक
ब्रिटिश स्पीडवेच्या दुसऱ्या फळीतला २०१८चा हंगाम

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंब्रिया परगण्यात वर्किंग्टन नावाचं गाव आहे. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं आणि ते उद्योग गेल्यावर मागे पडलेलं. या गावच्या ‘कॉमेट्स’ संघानं २०१८ साली ब्रिटिश स्पीडवेच्या दुसऱ्या फळीतले तिन्ही मोठे मान जिंकले : चॅम्पियनशिप लीग, नॉकआउट कप आणि चॅम्पियनशिप शील्ड. लीगचं विजेतेपद संघाच्या इतिहासातलं पहिलंच. पुढच्या वर्षी मात्र हा संघ लीगमध्ये नव्हता. अंतिम फेरीत ज्यांना त्यांनी हरवलं ते ‘लेकसाइड हॅमर्स’ही नव्हते. विजेता आणि उपविजेता दोघेही एकाच हिवाळ्यात मैदानाबाहेर जातात, असं कशामुळे होतं, हे त्या हंगामाकडे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी खेळ. स्पीडवेची मोटरसायकल ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची. इंधन मिथेनॉल. गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. मागचा कुणी जवळून येत असताना पुढच्यानं अचानक ब्रेक लावला तर काय होईल, याचा विचार केला की त्यामागचं शहाणपण पटतं. चौघे जण एका रेषेत उभे राहतात, समोरच्या फिती वर उडतात आणि चार फेऱ्या डावीकडे वळत साधारण मिनिटभरात संपतात. वळणावर मागचं चाक बाहेर सरकवत, पोलादी तळ बसवलेला डावा बूट जमिनीवर टेकवत गाडी आडवी नेणं, हीच सारी कला. यजमानांची शिरस्त्राणं लाल-निळी, पाहुण्यांची पांढरी-पिवळी. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एका शर्यतीत सहा गुण, सामन्यात पंधरा शर्यती. म्हणजे नव्वद गुणांतले शेहेचाळीस मिळाले की सामना जिंकला.

खाली असते ती बारीक दगडी चुऱ्याची, म्हणजे शेलची धावपट्टी. कुस्तीच्या हौद्यातली माती जशी पाणी देऊन, उलटून, चाळून राखावी लागते, तशीच तिची निगा राखावी लागते. फार सुकली तर धूळ उडते, भिजली तर सामना रद्द होतो. ही कामं बहुतेक ठिकाणी आपल्या संघावर जीव असलेले स्वयंसेवक करतात. दुसऱ्या फळीचा खरा आधार तेच आहेत.

इंग्लंडात हा खेळ १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचवर रुजला, असं मानतात. दुसऱ्या फळीची नावं पुढे अनेकदा बदलली. १९६०ची प्रोव्हिन्शियल लीग, १९६८पासूनची ब्रिटिश लीगची दुसरी डिव्हिजन, मग नॅशनल लीग, १९९७पासून प्रीमियर लीग आणि २०१७पासून चॅम्पियनशिप. वर-खाली जाण्याचा नियम गुणतक्त्यावर चालत नाही. वरच्या फळीत खेळायचं की नाही, हे खिसा आणि मैदान पाहून क्लब ठरवतो.

२०१८ साली अकरा संघ होते : बेरिक, एडिंबरा, ग्लासगो, इप्सविच, लेकसाइड, न्यूकॅसल, पीटरबरो, रेडकार, स्कनथॉर्प, शेफील्ड आणि वर्किंग्टन. शेफील्डचे सामने गुरुवारी, एडिंबराचे शुक्रवारी, बेरिकचे शनिवारी, न्यूकॅसलचे रविवारी. अनेक रायडर दोन्ही फळ्यांत धावत, शिवाय पोलंड आणि स्वीडनलाही जात, त्यामुळे गाडीची सर्व्हिस आणि प्रवास यांतच आठवडा सरे. त्या वर्षांत वर्किंग्टनकडून धावणारा कंब्रियाचाच डॅन ब्यूली पुढे २०२१मध्ये ब्रिटनला स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकून देणाऱ्या संघात होता. त्याच्यासारखे तरुण या फळीत घडतात, म्हणून तिला कमी लेखू नये.

यशाचीही इथे किंमत मोजावी लागते. प्रत्येक संघ रायडरांच्या सरासरी गुणांच्या ठरावीक मर्यादेत बांधायचा असतो. संघ जिंकत गेला की त्याच्या रायडरांची सरासरी चढते आणि पुढच्या वर्षी तोच संघ मर्यादेत बसत नाही. लीग चुरशीची राहावी म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यही आहे. पण त्यामुळे विजेत्या संघाला यशावर पुढचा हंगाम उभारता येत नाही.

वर्किंग्टनचं डेरवेंट पार्क रग्बी लीगच्या ‘वर्किंग्टन टाउन’बरोबर वाटून घेतलेलं होतं. त्या जागी नवं क्रीडासंकुल उभारण्याच्या चर्चाही होत्या. त्यात प्रेक्षक आणि खर्च यांचा मेळ बसेना. तीन करंडक त्या हिशेबात कमी पडले. लेकसाइडची कथा अधिक सरळ आहे. एसेक्समधलं त्यांचं अरीना विकासाच्या कामासाठी गेलं आणि हंगाम त्यांनी राय हाउसला जाऊन पुरा केला. न्यूकॅसलचा क्लब २०२२मध्ये हंगामाच्या मध्येच थांबला. पीटरबरो वरच्या फळीत गेलं, २०२१चं विजेतेपद मिळवलं आणि २०२३नंतर ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवरचं त्याचं मैदानच सुटलं.

याच्या उलट स्कनथॉर्पनं २००५ साली नॉर्मनबी रोडला खास स्पीडवेसाठीच धावपट्टी तयार केली आणि तो संघ आजही तिथे धावतो. रेडकार २००६पासून मोटरस्पोर्टसाठीच राखलेल्या जागेत आहे. ग्लासगोच्या मालकांनी अॅशफील्डच्या मैदानात पैसा ओतला आणि २०२३मध्ये तो संघ लीग जिंकला. एडिंबराची मीडोबँकची जागा १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी गेली, पुढे पावडरहॉलही सुटलं. १९९७मध्ये संघ शहराबाहेर आर्मडेलला गेला आणि तिथे टिकला.

करंडक एका हंगामापुरता असतो. पायाखालची जमीन असेल तर तिसऱ्या क्रमांकाचा संघही पुढच्या वर्षी उभा राहतो. २०१८ने हेच शिकवलं. वर्किंग्टननेही ते मनावर घेतलं. २०२३मध्ये नॉर्थसाइडच्या नव्या मैदानावरून तो तिसऱ्या फळीत उतरला आणि २०२४मध्ये चॅम्पियनशिपमध्ये परतला. संघाला परत आणणाऱ्यांनी आधी धावपट्टी मिळवली, मग संघ बांधला. ब्रिटिश स्पीडवे वाचवायचा असेल तर बाकीच्या गावांनीही याच क्रमानं चालायला हवं.