मोटारीची मागील स्प्रिंग व तिची सुधारणा

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ज्यानें बैलबंडी पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळा. साध्या बंडीस स्प्रिंग नसते. म्हणून चाकास बसलेला धक्का आंत बसलेल्याच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोंचतो. बैलाच्या चालीनें जाणाऱ्यास तो सोसतो. परंतु ताशीं ८० किलोमीटर धांवणाऱ्या मोटारीस तीच रचना दिली, तर खळग्यावरून उसळून चाक जमीन सोडील. आणि जमीन सोडलेल्या चाकाच्या जोरावर गाडी ना वळवितां येते, ना थांबवितां येते. यास्तव प्रवाशांस सुख देणें एवढेंच स्प्रिंगेचें काम नव्हे. चाक रस्त्यास टेकलेलें राहावें, हा तिचा मोठा हेतु होय.

लहान व चपळ मोटारीचा मागील भाग ‘कडक’ करून घेण्याची हौस हल्लीं तरुण मंडळींत दिसते. २००५ सालीं आपल्या देशांत आलेली स्विफ्ट ही अशा गाड्यांपैकीं सर्वांच्या परिचयाची. तिच्या मागील चाकांमध्यें एक आडवी पोलादी तुळई असते. एक चाक वर गेलें कीं ती पिळली जाते. वेटोळ्याच्या दोन स्प्रिंगा भार तोलतात, आणि त्यांच्या जोडीस, मेस्त्री ज्यांस ‘शॉकअब’ म्हणतात तीं दोन उपकरणें असतात. या दोहोंचीं कामें भिन्न आहेत, हें न जाणल्यामुळें पुष्कळ पैसा व्यर्थ जातो.

प्रथम स्प्रिंग घेऊं. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे: भार ज्या प्रमाणांत वाढेल, त्याच प्रमाणांत स्प्रिंग दबेल. समजा, एका मागील स्प्रिंगेवर २०० किलो भार आहे, व ती दर २ किलोस १ मिलिमीटर दबते. माणसें व सामान मिळून तिजवर ६० किलो अधिक आले, तर ती ३ सेंटिमीटर दबेल. तिच्या ठिकाणीं दर ३ किलोस १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग घातली, तर २ सेंटिमीटरच दबेल. हा लाभ खरा. परंतु पूर्वीं सेकंदास सुमारें दीड हेलकावे घेणारा तो भाग आतां जवळजवळ दोन घेऊं लागेल, आणि धक्के अधिक तीव्र होतील.

आतां शॉकअब. स्प्रिंग धक्का सांठविते, नाहींसा करीत नाहीं. ट्रकच्या कमानीचे पाटे एकमेकांवर घांसून कांहीं हेलकावे आपणच मोडतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगेंत ही सोय जवळजवळ नाहीं. शॉकअबमध्यें तेलांतून दट्ट्या सरकतो, बारीक छिद्रांतून तेल कष्टानें जातें, व हेलकाव्याची शक्ति उष्णतेंत पालटते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांखालीं गेल्या कांहीं वर्षांत आष्टी–आलापल्ली मार्ग जसा खचला, तशा रस्त्यावर फार वेळ धांवल्यास तेल तापून पातळ होतें, त्यांत फेंस होतो, आणि शॉकअब दुबळा पडतो. दाबाखालीं नायट्रोजन वायु भरलेल्या शॉकअबमध्यें हा फेंस कमी होतो.

म्हणून सुधारणेचा आरंभ परीक्षेपासून करावा. गाडीचा मागील कोपरा जोरानें दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिर न होतां डोलत राहिला, शॉकअबवर तेल ओघळलें असलें, किंवा टायर ठिकठिकाणीं झिजलें असलें, तर शॉकअब बदलावेत, व तेही दोन्ही बाजूंचे एकदमच. झिजलेले रबरी बुश त्याच वेळीं पाहावेत. पुष्कळदां एवढ्यानेंच गाडी नवी वाटूं लागते. गाडी नित्य भारानें लादलेली असेल, तरच थोड्या अधिक कडक स्प्रिंगा घ्याव्यात, व त्यांस शोभतील असेच शॉकअब निवडावेत.

गाडी ठेंगणी दिसावी म्हणून स्प्रिंगेचीं वेटोळीं कापणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. वेटोळीं कमी झालीं कीं स्प्रिंग आखूड होते व कडकही होते. चाक खालीं लोंबलें असतां ती आपल्या बैठकीवरून सुटूं शकते. शिवाय पुढील चाकांनीं चालणाऱ्या गाडीचा मागील भाग फार कडक केला, तर ती वळणावर अधिक चटकन वळते खरी. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर चालकास तें हवेंही असेल. पण ओल्या डांबरावर अथवा सुट्या मुरुमावर तीच गाडी मागून घसरते. चंद्रपूरहून मूलकडे जातांना रस्ता रानांतून जातो. तेथें रानडुक्कर एकाएकीं आडवें आलें आणि ब्रेक दाबावा लागला, तर भार पुढें जाऊन मागील चाकें हलकीं होतात. त्या क्षणीं तीं रस्त्यास टेकलेलीं असणें हाच आंतील माणसांचा आधार.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणें शहाणपणाचें.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलानें कडक स्प्रिंगेसाठीं हट्ट धरिला तर त्यास एकदम नाहीं म्हणूं नये. गाडी कोणता भार नेते, कोणत्या रस्त्यानें जाते, व सध्यांचे शॉकअब कसे आहेत, हे तीन प्रश्न त्यास विचारावे. उत्तरें शोधतां शोधतां तो हूकचा नियम तर शिकेलच. शिवाय कोठें पैसा खर्चावा व कोठें राखावा, हेंही त्याचें त्यासच उमगेल.