नवी एलएमजी आणि भिलाईचं पोलाद

लष्करी सामग्रीचा विषय निघाला की भिलाईत कुणीतरी अभिमानाने म्हणतंच, ‘त्यातही आपलंच पोलाद!’ ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेपुरतं ते खरं आहे. तिच्यासाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवलं आणि त्यात भिलाईचा वाटा होता. पायदळाच्या नव्या हलक्या मशीनगनची, म्हणजे एलएमजीची, गोष्ट मात्र निराळी. मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा १६,४७९ ‘नेगेव्ह’ गन घेण्यासाठी इस्रायली कंपनीशी ८८० कोटी रुपयांचा करार केला. शिवाय भिलाईची ओळख रूळ आणि प्लेट्सची. गनच्या नळीचं मिश्रपोलाद वेगळं.

दुसरा समज असा, की लष्कराच्या ‘इन्सास’ रायफलीची ५.५६ मिमी गोळी मुद्दाम शत्रूला जखमी करण्यापुरतीच केली होती. ती गोळी जीवघेणीच असते. ती निवडण्यामागचं मोठं कारण वजनाचं आहे. ७.६२ मिमीचं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं, ५.५६चं त्याच्या निम्मं. जवान तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या नेऊ शकतो. ७.६२ची गोळी दूरवर जास्त जोर टिकवते, आडोसाही अधिक भेदते. म्हणून नवी एलएमजी त्या काडतुसाची. पण जड काडतुसांचं ओझं अखेर डोंगर चढणाऱ्या जवानाच्या पाठीवर येतं, म्हणून गनच्या ताकदीबद्दल बोलताना त्याचा विसर पडू नये.

माझ्या मते खरा बदल काडतुसाहून गोळ्या भरण्याच्या पद्धतीत आहे. इन्सास एलएमजीला ३० गोळ्यांचं मॅगझिन, नेगेव्हला गोळ्यांचा पट्टा. साथीदार पुढे सरकत असताना शत्रूला मान वर काढू न देणं हे एलएमजीचं काम. त्यात मॅगझिन बदलायला लागणारे क्षणही महाग पडतात.

सिनेमात मात्र हा पट्टा संपतच नाही! मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने १०० गोळ्या दहा सेकंदांत संपतात, आणि सलग मारा केला तर नळी भयंकर तापते. तापलेल्या लोखंडाचं काय होतं, हे रोलिंग मिलमध्ये काम केलेल्या माणसाला सांगायला नको. म्हणून छोट्या-छोट्या फैरी झाडायच्या आणि गरज पडली की नळी बदलायची. नेगेव्हची नळी झटपट बदलता येते.

आणि गन परदेशी, म्हणून गोळ्याही कायम परदेशी, असंही नाही. ७.६२ × ५१ मिमी हे जुन्या एसएलआर रायफलीचंच काडतूस. भारतात ते कित्येक दशकं बनत आलं आहे.