सोडलेल्या गड्याचा हिशेब

अमेरिकेत दरवर्षी मार्च उजाडला की लाखो माणसं संघमालक होतात. ना मैदान त्यांच्या मालकीचं, ना गणवेश, ना एखादा चेंडू; तरीही संघ त्यांचाच. कुणी बँकेत कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी माझ्यासारखा जमाखर्च सांभाळणारा. खऱ्याखुऱ्या व्यावसायिक बेसबॉलपटूंची नावं ही मंडळी लिलावात कागदावर विकत घेतात आणि पुढचे सहा महिने ते खेळाडू मैदानावर जे काही करतील, त्याचे गुण आपल्या कागदी संघाच्या खात्यात जमा करतात. याला ‘फँटसी बेसबॉल’ म्हणतात. फँटसी म्हणजे कल्पनाविलास. न्यू जर्सीतल्या नोकरीच्या काळात सलग अकरा हंगाम मी अशा एका लीगचं दप्तर सांभाळलं. माझा अनुभव असा, की यात कल्पनाविलास फार थोडा आणि हिशेब फार मोठा. त्या हिशेबातलं सर्वांत अवघड पान असतं ते खेळाडू घेण्याचं नव्हे, सोडण्याचं.

या खेळाचं आजचं रूप १९८० सालचं. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकानं आपल्या मित्रांना जमवून त्याचे नियम बांधले. ही मंडळी न्यूयॉर्कच्या ‘ला रॉटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात जेवायला जमत, म्हणून लीगचं नाव पडलं ‘रॉटिसरी लीग’. प्रत्येक मालकाकडं २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे. मोठमोठ्या नावांवर उधळपट्टी केली, तर उरलेल्या जागा डॉलर-दोन डॉलरच्या गड्यांनी भराव्या लागतात. संसारात पगार आणि खर्च यांचं जे असतं, तेच. गंमत म्हणजे खुद्द ओक्रेंट यांना आपली ही लीग कधीच जिंकता आली नाही!

आपल्याकडं मोबाइलवर क्रिकेटचे असे खेळ बरेच बोकाळले होते. २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्यानं त्यातला पैशांचा भाग बंद झाला. पण तिथला संघ एका सामन्यापुरता. सकाळी जमवला, रात्री मोडला. आमच्या लीगमध्ये खेळाडू वर्षानुवर्षं सांभाळता येत. सांभाळायचं म्हटलं की करार आला आणि करार आला की तो मोडण्याचा प्रश्नही आला.

आमचा करार असा : लिलावात ८ डॉलरना घेतलेला नवखा खेळाडू दोन हंगाम त्याच किमतीत तुमचा. तिसऱ्या हंगामाआधी तुम्ही तोंड उघडायचं. एक तर त्याला सोडा, नाही तर त्याच किमतीत शेवटचं एक वर्ष ठेवा, नाही तर करार लांबवा. लांबवलेल्या प्रत्येक वर्षामागं ५ डॉलरची वाढ. म्हणजे आणखी दोन वर्षं हवी असतील तर ८ चे १८ झाले. गडी तळपला तर १८ डॉलर म्हणजे फुकटात सोनं. पण पिचर असला, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, आणि त्याचा कोपर गेला, तर शस्त्रक्रियेनंतर बारा-अठरा महिने तो मैदानावर दिसत नाही. तुमचे १८ डॉलर मात्र अडकलेलेच.

मग उरतो ‘वेव्हर’. ‘वेव्ह’ करणं म्हणजे हक्क सोडणं. आपल्याकडं जमिनीच्या वाटण्यांत हक्कसोडपत्र असतं, त्याचाच हा भाऊबंद. खेळाडू सोडायचा असेल तर रविवारी रात्रीपर्यंत माझ्याकडं चिठ्ठी द्यायची. सोमवार ते बुधवार तो खेळाडू अधांतरी. त्या तीन दिवसांत बाकीच्या अकरा मालकांपैकी कुणालाही त्याच्यावर हक्क सांगता येई. दोघांनी सांगितला तर गुणतक्त्यात जो खाली, त्याचा मान आधी. दुबळ्याला पहिला घास, हे तत्त्व मला फार आवडे. मात्र हक्क सांगणाऱ्याला खेळाडूबरोबर त्याचा करारही पदरात घ्यावा लागे. आणि कुणीच पुढं आलं नाही, तर कराराची उरलेली रक्कम सोडणाऱ्याच्याच नावावर राही. सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी ती माझ्या वहीत चढे आणि पुढच्या लिलावात त्याच्या २६० डॉलरमधून आधी वजा होई.

नियम आला की पळवाट आलीच. एकानं मित्राला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘मी याला सोडतो, तू उचल, महिन्यानं मला परत दे.’ तोवर त्याची जागा मोकळी! दुसऱ्या एकाची आशा जुलैतच संपली, तेव्हा त्यानं आपले चांगले गडी शेजारच्या टेबलावरच्या दोस्ताला स्वस्तात देऊन टाकले. त्यानंतर दोन कलमं वाढली : सोडलेला खेळाडू त्याच हंगामात त्याच मालकाकडं परतणार नाही, आणि ऑगस्ट उजाडल्यावर अदलाबदल बंद. पहिल्या वर्षी आमची नियमावली दोन पानांची होती, अकराव्या वर्षी ती चौदा पानांची झाली. त्यातली निम्म्याहून अधिक कलमं खेळाडू सोडण्यासंबंधीची होती.

मला सुरुवातीला वाटे, की सोडलेल्या खेळाडूचा बोजा वहीत ठेवण्याचा हा नियम आम्हा कारकुनी डोक्यांची करामत असावी. पुढं बेसबॉलचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं, की तो खऱ्या मैदानावरून आलेला आहे आणि त्याची किंमत खऱ्या माणसांनी मोजलेली आहे.

१८७९ सालापासून अमेरिकेतल्या क्लबमालकांनी खेळाडू ‘राखून’ ठेवण्याची प्रथा पाडली होती. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच. क्लबला वाटेल तेव्हा त्यानं त्याला विकावं, बदलावं किंवा काढावं. खेळाडूनं मात्र स्वतःहून जाऊ नये. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला बारा हंगामांच्या चाकरीनंतर परस्पर फिलाडेल्फियाला धाडण्यात आलं. त्यानं जायला नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असं त्यानं बेसबॉलच्या कमिशनरला लेखी कळवलं आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द जवळजवळ तिथंच संपली. पण वाट पडली होती. १९७५ च्या डिसेंबरमध्ये पीटर सेट्झ या लवादानं दोन पिचरांच्या दाव्यात निकाल दिला, की क्लबला जुना करार एकच वर्ष वाढवता येईल, कायमचा नाही. मालकांनी काय केलं? त्यांनी सेट्झ यांनाच तत्काळ काढून टाकलं! निकाल मात्र टिकला. खेळाडूंना बाजारात मोकळं उभं राहता येऊ लागलं आणि त्यांच्या संघटनेच्या बळावर, क्लबनं सोडलं तरी पूर्ण पैसे मिळतील, असे दीर्घ मुदतीचे करार होऊ लागले.

अल्बर्ट पुहोल्स हे त्याचं अगदी ठळक उदाहरण. २०११ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजलिसच्या एंजल्स क्लबनं त्याच्याशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. दहाव्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, त्यांनी त्याला सोडलं. त्या एका वर्षाचा पगार होता ३ कोटी डॉलर. वेव्हरवर त्याला कुणी उचललं नाही; कारण जो उचलेल त्याच्या गळ्यात करारही पडला असता. मग तो मोकळा झाला आणि डॉजर्सनी त्याला किमान पगारावर घेतलं. उरलेले कोट्यवधी एंजल्सनीच भरले. त्या वेळी त्याचे होमरन होते ६६७. पुढच्या वर्षी आपल्या जुन्या सेंट लुईसकडं परतून त्यानं सातशेचा टप्पा ओलांडला आणि ७०३ वर तो थांबला.

म्हणजे सोडणं हे नेहमी वाईटच, असंही नाही. होझे बाउटिस्टा २००४ च्या एकाच हंगामात पाच क्लबांच्या नावावर होता. कुणी वेव्हरवरून उचललं, कुणी पैसे देऊन घेतलं, कुणी बदल्यात दिलं. त्या वर्षी त्याचं नाव लिहायला आमच्यासारख्यांच्या वहीत डॉलरभराचीही जागा नव्हती. २०१० मध्ये याच बाउटिस्टानं टोरांटोकडून ५४ होमरन मारले. एका दाराबाहेर पडल्याशिवाय दुसरं दार दिसत नाही, हे खरंच आहे. मालकांची बाजूही अगदीच पोकळ नाही. थकलेल्या गड्याला करारापायी खेळवत राहिलं, तर नव्या दमाच्या पोरानं कुठं जायचं? प्रश्न सोडण्याचा नाहीच. सोडण्याची झळ कुणी सोसायची, एवढाच प्रश्न आहे.

हे मला पुरतं कळलं २००९ च्या फेब्रुवारीत. मंदीची लाट आमच्या कंपनीपर्यंत पोचली आणि एका शुक्रवारी तीसेक माणसांना घरी पाठवण्यात आलं. तिथंही शब्द तोच, ‘सोडलं’. त्यांत स्टोअर्स सांभाळणारे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. आमच्या लीगचे ते पहिल्या दिवसापासूनचे सभासद. पुढच्याच महिन्यात लिलाव. आणि नियमावलीचं पहिलं कलम सांगत होतं, की सभासद कंपनीच्या नोकरीत असला पाहिजे.

एका तरुण व्यवस्थापकानं सरळ मुद्दा मांडला. ‘‘नियम म्हणजे नियम. त्यांचा संघ वेव्हरवर टाकू. तळाच्या संघाला आधी निवड मिळेल.’’ तळाचा संघ त्याचाच होता, हे कुणी बोलून दाखवलं नाही. त्या गृहस्थांच्या कागदावर ६ डॉलरचा एक झकास फलंदाज होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी वही उघडली आणि दुरुस्ती सुचवली : जो वर्षाची वर्गणी भरेल, त्याचा संघ त्याचाच राहील, नोकरी असो वा नसो. मतं पडली सात विरुद्ध चार.

मी त्यांना फोन केला. त्यांच्याकडं कोपराची शस्त्रक्रिया झालेला एक पिचर १४ डॉलरच्या करारावर अडकलेला होता, अजून दोन वर्षं. आता वर्गणीचेही पैसे मोजून काढायचे दिवस आले होते, म्हणून विचारलं, ‘‘याला सोडायचं का? बोजा अर्धा करण्याचा ठराव मी मांडून बघतो.’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘नको. करार मी केला आहे. तो बरा होऊ दे.’’

तो पिचर त्या वर्षी खेळलाच नाही. पुढच्या वर्षी परतला, पण पूर्वीचा वेग काही आला नाही. काही सामने बरे टाकले, बाकीचे सुमार. गृहस्थांचा संघ दोन्ही वर्षी मधल्या फळीतच राहिला.

कागदावरच्या गड्याला कुणी ठेवलं काय, सोडलं काय, त्याला पत्ताही नसतो. पुहोल्सला हजारो कागदी मालकांनी सोडलं असेल. त्याची झोप उडाली नसेल. खरा माणूस सोडला जातो तेव्हा त्याच्या घराचा हप्ता, पोराची फी, औषधांचा विमा, सगळंच त्याच्याबरोबर दाराबाहेर पडतं. तरीही आमच्या कागदी लीगमध्ये सोडलेल्या प्रत्येक नावापुढं कुणाच्या तरी खात्यात एक आकडा लिहिलेला असे. त्या शुक्रवारी घरी गेलेल्या तीस माणसांचा आकडा कंपनीच्या वहीत ‘बचत’ या सदरात पडला. ती वही मीच लिहीत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

खेळानं आम्हाला फार दयाळू केलं, असं मी म्हणणार नाही. सात विरुद्ध चार म्हणजे चार जण विरोधात होतेच. त्यानं एवढंच शिकवलं, की ज्याला सोडायचा अधिकार हवा, त्यानं सोडण्याची किंमतही आपल्या खात्यात लिहून घ्यावी. किंमत दिसली, की माणूस चिठ्ठी देण्याआधी एक रात्र थांबतो. आमच्या लीगमध्ये रविवारी आलेल्या कितीतरी चिठ्ठ्या सोमवारी सकाळी परत मागितल्या जात. मी त्या मुकाट्यानं परत देत असे. त्यासाठी मात्र नियमावलीत एकही कलम नव्हतं.