टायर बोलतोय की बेरिंग? घाटाआधी ओळखा



आपला धंदा पाण्यावरचा, पण माल बाजारात पोचतो तो चार चाकांवर. हिडकलची मासळी बेळगाव-निपाणीला न्यायची असो, नाहीतर चोर्ला, आंबोली घाटातून समुद्राचा माल वर आणायचा असो, बर्फ वितळायच्या आत पोचावंच लागतं. म्हणून चाकातून आवाज आला तरी आपण म्हणतो, "एवढी खेप होऊ दे, मग बघू."

आम्हीही तेच केलं. पिकअपच्या मागच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायचा. टायर समजून दोन नवे घातले, तरी आवाज तसाच. शेवटी निघालं बेरिंग! टायरचा खर्च फुकट गेला. तवंदी घाटात चाक जाम झालं असतं तर काय झालं असतं, ते बोलायलाच नको.

म्हणून आवाज आधी ओळखा.

🔸 टिक-टिक, वेगाबरोबर वाढणारी: नक्षीत खडा किंवा खिळा. खडा काढा. खिळा असेल तर स्वतः उपटू नका, पंक्चरवाल्याकडे जा.

🔸 घूंऽऽ आवाज: टायर किंवा बेरिंग. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर गेलो आणि आवाजही बदलला, तर बहुतेक टायर. रस्ता कसाही असो, आवाज तोच राहिला तर बेरिंगचा संशय घ्या. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेरिंग आधी तपासा, उजव्या वळणावर वाढला तर डावीकडचं. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा. खेळ लागला किंवा फिरवताना खरखर आली, तर गाडी थेट गॅरेजला.

🔸 धप-धप: टायरला फुगा आलाय किंवा आतले थर सुटलेत. अशा टायरवर माल भरायचाच नाही. स्टेपनी लावा.

🔸 खडखड: चाकाचे नट ढिले असू शकतात. लगेच थांबा, पाना लावा.

🔸 वळणावर चीं-चीं: बहुतेक हवा कमी. माल जास्त आणि हवा कमी, म्हणजे टायर तापून फुटणार. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

गाडी उभी असताना नक्षीवरून हात फिरवा. एका बाजूला गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं टोचलं, तर अलाइनमेंट बिघडलंय. मध्ये मध्ये खड्डे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा. मूळ कारण काढलं नाही, तर नवा टायरही तसाच खाणार. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानंही बाद. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

आणि एक, खास आपल्यासाठी. बर्फाचं खारं पाणी चाकावर गळत राहिलं तर लोखंड गंजतं आणि सील खराब असेल तर बेरिंगचं ग्रीसही जातं. पाण्याची नळी चाकापासून लांब, डब्यात सोडा. रस्त्यावर ते पाणी सांडलं तर दुचाकीवाला घसरतो. खेप संपली की चाकं गोड्या पाण्यानं धुवा.

एक खेप चुकली तर माल जाईल, उद्या पुन्हा भरता येईल. पण घरची माणसं वाट बघत असतात, ती गाडीची नव्हे, चालवणाऱ्याची. हा मजकूर आपल्या ड्रायव्हरला आजच वाचून दाखवा.