विजेची चिनी गाडी आणि आपला ऊस



गावोगावच्या ऊस विकास मेळाव्यांत हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, विजेच्या गाड्या आल्यावर आपल्या इथेनॉलचं काय हो?" प्रश्न रास्त आहे. कोणी म्हणेल, चीनच्या गाडीचं आम्हाला काय करायचंय? पण गाडी आणि ऊस यांची गाठ आता पडलेली आहे. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

चीनची गाडी स्वस्त का?

बीवायडी ही तिथली मोठी कंपनी. १९९५ साली ती बॅटरीचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि २००३ साली मोटारीच्या धंद्यात उतरली. म्हणजे आधी बॅटरी, मग गाडी. विजेच्या गाडीत सर्वात महाग वस्तू बॅटरीच. ती स्वतःच्या घरची असल्यावर हिशेब बदलतो. शिवाय त्यांनी निकेल, कोबाल्ट ही महागडी द्रव्ये टाळून लोखंड व फॉस्फेट यांवर आधारलेली बॅटरी वापरली. आपण डीएपीच्या पोत्यातून जे स्फुरद उसाला देतो, तेच तिथे बॅटरीत जाते! चीन सरकारनेही २०२२ अखेरपर्यंत अशा गाड्यांच्या खरेदीला अनुदान दिले. २०२३ साली 'सीगल' नावाची त्यांची छोटी गाडी ७३,८०० युआनला बाजारात आली. त्या वेळच्या दराने साधारण साडेआठ लाख रुपये.

याचा दणका पाश्चात्त्य कंपन्यांना बसला. २०२५ साली निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांच्या विक्रीत बीवायडीने अमेरिकेच्या टेस्लाला मागे टाकले. जर्मनीच्या फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केला. अमेरिकेने २०२४ साली चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के आयातशुल्क बसवले. युरोपने त्याच वर्षी मूळच्या १० टक्क्यांवर आणखी जादा शुल्क लावले; बीवायडीला १७ टक्के, तर साइक कंपनीला ३५.३ टक्के.

आपल्या दारापर्यंत

ही लढाई फार लांबची नाही. पुण्याजवळ तळेगावला अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो विकत घ्यायचे चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने २०२० साली ठरवले, जून महिन्यात महाराष्ट्र शासनाशी करारही केला. पण त्याच वर्षी केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला मंजुरीची अट घातली होती, आणि जूनमध्येच गलवानचा संघर्ष झाला. मंजुरी काही आली नाही, २०२२ साली व्यवहार मोडला. पुढे कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेतला आणि २०२५ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या.

चिनी गाडी अशी दारात अडली, पण चिनी माल अडला नाही. विजेच्या मोटारीत लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध आणले आणि पुण्याच्या बजाजच्या विजेच्या चेतकचे उत्पादन घटले. ज्याच्या हाती कच्चा माल, त्याच्या हाती दोरी.

आपल्याला झळ कुठे?

पहिली झळ उसाच्या बांधाबाहेरची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्रीत आपलीच पोरं कामाला आहेत. इंजिनाचा ब्लॉक, सिलिंडर हेड असे ओतकाम तिथे होते. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. ट्रॅक्टर, पंप, ब्रेकचे भाग राहतील. पण नुसत्या इंजिनावर विसंबून चालणार नाही. घरातला मुलगा आयटीआयला जाणार असेल तर मोटार, बॅटरी आणि अॅल्युमिनियमच्या ओतकामाकडे त्याचे लक्ष वळवावे.

दुसरी झळ इथेनॉलची. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल मिसळले जाई. २०२२ साली ते १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. पेट्रोल खपले तर इथेनॉल खपणार. विजेच्या गाड्या वाढतील तसा पेट्रोलचा खप रोडावेल. हे उद्याच होईल असे नाही, पण डिस्टिलरीचे कर्ज फेडायला वर्षे लागतात, तेव्हा नजर लांबची हवी. सरकारी धोरणाचा झटका तर आपण पाहिलाच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. एका खुंट्यावर सगळी जनावरं बांधू नयेत, ती याचसाठी.

मग करायचे काय?

चीनवाल्यांचा धडा आपल्याला नवा नाही. कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंत साखळी आपल्या हातात ठेवायची, हेच तर सहकाराने केले. उसाची साखर, मळीचे इथेनॉल, बगॅसची वीज, प्रेसमडचा गॅस. उद्या गाड्या विजेवर धावल्या तर बगॅसची वीजही त्यांना लागेलच.

पण सगळ्याचे मूळ फडात आहे. बाजारभाव आपल्या हाती नाही, टनामागचा खर्च मात्र आहे. समजा, एकरी खर्च ८० हजार आणि ऊस ४० टन, तर टनाला २,००० रुपये पडले. बेणेमळ्यातले शुद्ध बेणे, माती परीक्षण करून खत, ठिबक आणि पाचटाचे आच्छादन यांसाठी आणखी १० हजार घातले आणि ऊस ६० टनांवर नेला, तर टनाला १,५०० रुपयेच पडतात. टनामागे ५०० रुपये वाचले, ते कुठल्या सरकारने दिले नाहीत की कुठल्या परदेशी कंपनीने हिरावले नाहीत.

तेव्हा येत्या लागणीआधी माती तपासून घ्या, बेण्याची मागणी गट कार्यालयात वेळेत नोंदवा. अडचण वाटली तर आमच्या शेतकी खात्याच्या माणसाला बांधावर बोलवा. गाडी पेट्रोलवर चालो की विजेवर, एकरी टनेज वाढवलेला शेतकरी कोणत्याही बाजारात उभा राहील.